विमानतळ ते घर : रात्रीच्या वाटेची जबाबदारी कुणाची?

(उपनगरांतील महिला गटांच्या अंधेरी येथे झालेल्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)



आजच्या बैठकीचं पत्रक हातात पडल्यावर दोघी-तिघींनी मला विचारलं, की विमानतळाचा प्रश्न आपला कधीपासून झाला? आपल्या बायकांना लोकलमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही, रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, आणि आपण विमानातून उतरणाऱ्या बाईची काळजी करत बसायचं का? प्रश्न रास्त आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

विमानतळ आपल्या दारात आहे. एका अंगाला विलेपार्ले, दुसऱ्या अंगाला सहार गाव, मरोळ, जरीमरी, कुर्ला. वर्षाला पाच कोटींहून जास्त माणसं इथून ये-जा करतात आणि ती दिवसरात्र करतात. एवढ्या माणसांमागे राबणारे हात लागतात. रात्री दोन वाजता टर्मिनलची फरशी पुसणारी बाई, स्वच्छतागृहाजवळ उभी असणारी बाई, बायका प्रवाशांची झडती घेणारी सुरक्षारक्षक, काउंटरवरची मुलगी, चहा-सामोशाच्या स्टॉलवरची मुलगी, विमानात जाणारं जेवण भरणारी बाई, आजूबाजूच्या हॉटेलांत चादरी बदलणारी बाई. ह्यांतल्या कितीजणी विमानात बसल्या असतील? पण विमानतळ त्यांचाही आहे. उपनगरांतलं रात्री चालणारं हे सगळ्यांत मोठं कामाचं ठिकाण असावं.

आता उतरणाऱ्या बायकांकडे बघा. कुवेत, मस्कत, दुबईला घरकाम करून, दोन-तीन वर्षांनी दोन बॅगा घेऊन परत येणारी बाई. तिथल्या इस्पितळात काम करणारी नर्स. पहिल्या नोकरीसाठी मुंबईत पाय ठेवणारी मुलगी. आईला उपचारासाठी घेऊन आलेली लेक. विमानाने येणारी बाई म्हणजे श्रीमंत बाई, हे समीकरण आता राहिलेलं नाही. आणि मी विमानतळ म्हणते तेव्हा कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस आणि वांद्रे टर्मिनस हीसुद्धा त्यात धरते. ही सगळी शहरात शिरायची दारं आहेत. दारापर्यंत यायला तिकीट असतं, वेळापत्रक असतं. दारातून घरापर्यंत मात्र बाईचं नशीब असतं. मला आज एवढंच म्हणायचं आहे, की हा जो शेवटचा टप्पा आहे तो बाईच्या हिमतीवर आणि तिच्या भावाच्या मोटरसायकलवर सोडून चालणार नाही. ती सार्वजनिक व्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि ती मागून घ्यायला आपल्याला उभं राहावं लागेल.

एक ते चार

आधी ह्या शहराची ठेवण समजून घेऊ. आपली रेल्वे दक्षिणोत्तर धावते. पश्चिम रेल्वे एका बाजूने, मध्य रेल्वे दुसऱ्या बाजूने. विमानतळ ह्या दोन रुळांच्या मध्ये. बोरिवलीची बाई निदान अंधेरीपर्यंत गाडीने येते. मुलुंड-घाटकोपरच्या बाईला मात्र वर्षानुवर्षं अंधेरी-कुर्ला रस्त्याने, साकीनाक्याच्या कोंडीतून, बसने किंवा रिक्षाने यावं लागे. सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झालं. पूर्व-पश्चिम जोडणारी पहिली रेल्वे, म्हणजे वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो, सुरू व्हायला जून २०१४ उजाडला. मधली तेहेतीस वर्षं रस्त्यावरच गेली.

त्या मेट्रोलाही एअरपोर्ट रोड नावाचं स्थानक आहे, पण टर्मिनल तिथून बरंच आत आहे. बॅगा ओढत ते अंतर चालून बघा म्हणजे कळेल. टर्मिनलशी थेट जोडलेली गाडी आली ती भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल सुरू झाली, मे २०२५ मध्ये वरळीपर्यंत गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोचली. मरोळ नाक्याला ती घाटकोपरच्या मेट्रोला मिळते. दहिसरहून येणारी मेट्रो ७ सुद्धा २०२३ पासून अंधेरीला गुंदवलीपर्यंत येते. म्हणजे आज मुलुंडची बाई घाटकोपरला उतरून, मेट्रोने मरोळ नाक्याला येऊन, तिथून दुसऱ्या मेट्रोने टर्मिनलला पोचू शकते. ही चांगली गोष्ट झाली. चांगल्याला चांगलं म्हटलंच पाहिजे.

पण घड्याळ बघा. भुयारी मेट्रोची शेवटची गाडी रात्री अकराच्या आत निघून जाते. घाटकोपरची मेट्रो मध्यरात्रीच्या सुमारास थांबते आणि पहाटे साडेपाचच्या आसपास सुरू होते. लोकल साधारण रात्री एकला बंद होते आणि चारनंतर सुरू होते. बेस्टच्या बहुतेक मार्गांची शेवटची बस त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. आणि आखातातली, परदेशातली अनेक विमानं नेमकी ह्याच वेळात उतरतात. रात्रपाळीच्या शिफ्टही ह्याच वेळात सुटतात नि लागतात. ज्या तासांना बाईला वाहनाची सगळ्यांत जास्त गरज, त्या तासांना सार्वजनिक वाहन नाही.

मग काय उरतं? टॅक्सी, रिक्षा, मोबाइलवरची गाडी. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत रिक्षा-टॅक्सीला मीटरवर पाव पट जास्त पैसे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून दहा रुपये आहे. रिक्षाचं फेब्रुवारी २०२५ पासून सव्वीस आणि टॅक्सीचं एकतीस, तेही पहिल्या दीड किलोमीटरला. रिक्षा माहीम-सायनच्या पलीकडे जाऊ शकत नाही, त्यामुळे परळ-भायखळ्याच्या बाईला टॅक्सीच करावी लागते. मोबाइलवरच्या गाडीचं भाडं तर मागणी वाढली की वाढतं, म्हणजे पाऊस पडला, गाड्या बंद पडल्या, की त्याच वेळी दुप्पट. सुरक्षितपणे घरी जायचं तर पैसे मोजा, असा हा सरळ हिशेब आहे. ज्या बाईला रात्रीचे तीनशे-चारशे रुपये परवडत नाहीत ती काय करते? ती बसून राहते. टर्मिनलच्या बाहेर, कामाच्या ठिकाणी कोठारात, स्टेशनच्या बाकावर, पहिल्या गाडीपर्यंत. ह्या तीन तासांना पगार नाही आणि झोपही नाही. घरी पोचल्यावर पाणी भरायचं, डबे करायचे, ते चुकत नाही.

आणि ज्यांना परवडतं त्यांनाही हमी नसते. जवळचं भाडं असलं की नकार. सहारहून मरोळ म्हटलं की मान हलते. मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमानुसार भाडं नाकारणं हा गुन्हा आहे, पण रात्री दोन वाजता ते कलम कुणापुढे वाचून दाखवायचं?

आणीबाणी येते तेव्हा

रोजचं हे असं. आता सगळंच बंद पडतं तेव्हा काय होतं ते आठवू.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. पाऊस उपनगरांवर कोसळला. मिठी नदी विमानतळाच्या पोटातूनच जाते, तिने काठ सोडले. विमानं बंद, लोकल बंद, फोन बंद. हजारो बायका पश्चिम द्रुतगती मार्गावरून, लालबहादूर शास्त्री मार्गावरून चालत निघाल्या. साकीनाक्याला दरड कोसळून कित्येक घरं गाडली गेली. महाराष्ट्रात त्या पावसात हजाराहून जास्त माणसं गेली.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र अनेकजणींनी नंतर सांगितली आहे, आणि ती मला महत्त्वाची वाटते. रात्रभर त्या रस्त्यावर होत्या, कमरेइतक्या पाण्यात होत्या, पण त्यांना पुरुषांची भीती वाटली नाही. कारण रस्ता माणसांनी भरलेला होता. वस्त्यांतले लोक चहा-बिस्किटं घेऊन उभे होते, दोर धरून उभे होते. इतक्या रात्री तू बाहेर काय करतेस, हे त्या रात्री कुणी कुणाला विचारलं नाही. रस्त्यावर लोकांचा वावर असला की बाई सुरक्षित असते. ती घरात कोंडली गेली की रस्ते आणखी ओस पडतात आणि उरलेल्या बाईला जास्त धोका होतो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे ह्यांनी मुंबईत केलेल्या अभ्यासावर ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक २०११ मध्ये लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बाईला बाहेर असण्याचं कारण प्रत्येक वेळी सिद्ध करावं लागतं, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली तिचा बाहेर असण्याचा हक्कच काढून घेतला जातो. विमानतळाच्या वाटेवर हे रोज दिसतं.

दुसरी आठवण २०२० ची. टाळेबंदीत मार्चच्या अखेरीस लोकल बंद झाल्या. २५ मे २०२० ला देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली. मुंबईत सुरुवातीला रोज पंचवीस उतरायची, पंचवीस उडायची, असं ठरलं. विमानं सुरू, पण लोकल नाही. अत्यावश्यक कर्मचाऱ्यांसाठीसुद्धा ती १५ जूनला सुरू झाली. मधले तीन आठवडे विमानतळावर कामाला जाणारी विरारची किंवा बदलापूरची बाई कशी आली असेल, ह्याचा विचार विमानं सुरू करणाऱ्यांनी कितपत केला होता? सर्वसाधारण बायकांना लोकलची मुभा मिळाली ती २१ ऑक्टोबर २०२० पासून, तीही ठरावीक वेळांत. प्रवाशाला हवेतून आणायची व्यवस्था आधी होते, तिची खोली झाडणाऱ्या बाईला जमिनीवरून आणायची व्यवस्था मागाहून.

मोबाइलवरच्या गाड्यांनी हा प्रश्न सुटला असं मानणाऱ्यांनी ऑक्टोबर २०१८ आठवावा. त्यांच्या चालकांनी मुंबईत जवळजवळ बारा दिवस संप केला. चालकांच्या मागण्या खऱ्या होत्या, कंपन्या त्यांच्या कमाईतून किती कापून घेतात हा प्रश्न खरा होता. पण खासगी गाडीवर विसंबलेलं शहर किती हतबल होतं, तेही तेव्हा दिसलं. आणि नुसत्या मेट्रोवर विसंबूनही भागत नाही. मे २०२५ मध्ये वरळीचं आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, तोच २६ तारखेच्या पावसात तिथे पाणी शिरलं आणि तिथली गाडी थांबली. एक साधन बंद पडलं तर दुसरं हवं, म्हणून बस हवी.

गुन्ह्याच्या आधी काय घडलं?

आता मी तीन घटना सांगणार आहे. त्यांतल्या मुलींची नावं घेणार नाही. त्या घटना तुम्हाला माहीत आहेत. मला फक्त त्यांतला गुन्ह्याच्या आधीचा भाग तुमच्यापुढे ठेवायचा आहे.

१६ डिसेंबर २०१२, दिल्ली. ती आणि तिचा मित्र सिनेमा बघून घरी चालले होते. रात्र फार झालेली नव्हती. रिक्षावाल्यांनी द्वारकेपर्यंत यायला नकार दिला. म्हणून ते मुनिरकाच्या थांब्यावर आले आणि एका खासगी बसमध्ये चढले. पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. त्यानंतर वर्मा समिती बसली, २०१३ मध्ये कायदा बदलला, निर्भया निधी आला. आपल्या चळवळीने त्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला. पण त्या थांब्यावर त्या वेळी सरकारी बस आली असती तर? हा प्रश्न तेव्हा फार थोड्यांनी विचारला.

जानेवारी २०१४, कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस. नाताळची सुटी संपवून आंध्रमधून पहाटे परतलेली एक तरुण अभियंता तिथे उतरली. तिला अंधेरीला जायचं होतं. ती पोचली नाही. काही दिवसांनी तिचा मृतदेह पूर्व द्रुतगती मार्गालगत, कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूला सापडला. टॅक्सीने पोचवतो असं सांगून तिला नेण्यात आलं, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. एका माणसाला फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुरावा अपुरा म्हणून त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे अकरा वर्षांनंतरही तिला कुणी मारलं हे न्यायालयात सिद्ध झालेलं नाही. फाशीची मागणी करणाऱ्यांनी ह्यावर विचार करावा. शिक्षा नंतरची गोष्ट आहे. त्या पहाटे स्टेशनाबाहेर अंधेरीची बस उभी असती, दिव्याखाली प्रीपेडची खिडकी उघडी असती, तर अनोळखी माणसाच्या शब्दावर विसंबायची वेळ कुणावर आली नसती.

तिसरी घटना १ नोव्हेंबर २००७ ची, पुण्याची. कॉलसेंटरमध्ये रात्रपाळीला निघालेली बावीस वर्षांची मुलगी. ती रस्त्यावरच्या गाडीत चढली नव्हती. कंपनीने ठरवलेल्या कंत्राटदाराची गाडी तिला घ्यायला आली होती. त्या गाडीच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने तिच्यावर बलात्कार करून तिचा खून केला. मालकाने गाडी दिली की जबाबदारी संपली, असं मानणाऱ्यांना हे उत्तर आहे. कंत्राटावर कंत्राट दिलं की जबाबदारी वाटेतच गळून पडते.

ह्या तिन्ही घटनांनंतर घराघरांत काय झालं? रात्री जाऊ नकोस. पहाटेची गाडी घेऊ नकोस. दिवसाचं विमान मिळालं तरच ये. भाऊ आणायला येईल तेव्हाच बाहेर पड. नोकरीच नको. म्हणजे गुन्हा कुणीतरी केला आणि संचारबंदी आपल्यावर आली. आखातात घरकामाला जाणाऱ्या बाईच्या बाबतीत तर सरकारही हेच करतं. ज्यांना परदेशी जाण्यापूर्वी सरकारी परवानगी लागते अशा बायकांना, वय तीस पूर्ण झाल्याशिवाय, तिथे घरकामासाठी जाता येत नाही. जाताना तिच्या रक्षणाची एवढी काळजी. तीच बाई पैसे कमावून रात्री दोनला सहारला उतरते तेव्हा ती काळजी कुठे असते?

इथे आणखी एक सावधगिरीची गोष्ट सांगते. असं काही घडलं की लगेच काहीजण पुढे येतात आणि सांगतात, हे रिक्षा-टॅक्सीवाले परप्रांतीय आहेत, ह्यांना हाकला. बायकांच्या सुरक्षिततेचं नाव घेऊन दुसऱ्याच राजकारणाची पोळी भाजून घेतात. आपण त्याला भुलू नये. रिक्षावाला बहुतेक वेळा भाड्याने घेतलेली रिक्षा चालवतो, मालकाचे पैसे भरल्यावर त्याचं पोट. जवळचं भाडं तो नाकारतो ते चूकच आहे, त्याची तक्रार केलीच पाहिजे. पण रात्रीच्या वाहतुकीचा सगळा भार त्याच्यावर टाकून सरकार बाजूला उभं राहतं, हे विसरू नये. त्याची भाषा कुठली हा प्रश्न गैरलागू आहे.

आजवरचे उपाय

काहीच झालं नाही असं मी म्हणणार नाही. १९९२ मध्ये चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली, तिने किती बायकांना नोकरी टिकवायला मदत केली ते आपण जाणतो. २००७-०८ च्या सुमारास रेवती रॉय ह्यांची फोरशी आणि सुसीबेन शाह ह्यांची प्रियदर्शिनी अशा बायकांनी बायकांसाठी चालवलेल्या टॅक्सी आल्या, पुढे व्हीरा आली. बायकांना गाडी चालवायला शिकवणं, परवाना मिळवून देणं, हे मोठं काम त्यांनी केलं. पण मूठभर गाड्यांवर एवढ्या शहराची रात्र निभावत नाही, आणि ती सेवा खिशात पैसे असणाऱ्या बाईपुरतीच राहते. बेस्टने २०१९ पासून तेजस्विनी बस आणल्या, त्याही मुख्यतः कामाच्या गर्दीच्या वेळेसाठी. रात्र तशीच राहिली.

दरम्यान बेस्टचं काय झालं? एकेकाळी चार हजारांहून जास्त बस होत्या. आता तीन हजारही नाहीत, आणि आहेत त्यातल्या बऱ्याच कंत्राटदारांच्या. मेट्रोसाठी हजारो कोटी उभे राहतात आणि बेस्टला तोट्याचा धंदा म्हणून हिणवलं जातं. महापालिकेचे दिवे तोट्यात चालतात असं कुणी म्हणतं का? रात्रीची बस हीसुद्धा रस्त्यावरच्या दिव्यासारखीच सोय आहे.

दुसरीकडे बघा. दिल्लीत ऑक्टोबर २०१९ पासून बायकांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. तमिळनाडूत २०२१ पासून साध्या शहर बसमध्ये, कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेत. आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. ते हवंच. पण सवलत ही आलेल्या बसमध्ये मिळते. जी बस येतच नाही तिच्यात अर्धं तिकीट काय आणि पूर्ण काय.

कायद्याचंही थोडं सांगते, कारण ते आपल्याला वापरता येईल. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ प्रमाणे, वीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत रात्री साडेनऊ ते सकाळी सात ह्या वेळात बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची व्यवस्था मालकाने करायची असते. दारापर्यंत, नाक्यापर्यंत नाही. आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, मालकाने दिलेलं वाहन हेसुद्धा कामाचं ठिकाण मानलं आहे. म्हणजे त्या गाडीत काही घडलं तर त्याची तक्रार अंतर्गत समितीकडे करता येते. जिथे दहापेक्षा कमी कामगार आहेत, किंवा तक्रार मालकाविरुद्धच आहे, तिथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. सफाईच्या, हॉटेलच्या कंत्राटी बायकांपैकी कितीजणींना हे कुणी सांगितलं आहे? कंत्राटदार विचारतो, रात्रपाळी करणार का? नाही म्हटलं की काम जातं. ह्याला संमती म्हणत नाहीत.

आपण काय मागायचं, काय करायचं?

मी पाच मागण्या मांडते. चर्चेत त्यांत भर घाला, दुरुस्त्या करा.

एक : रात्री अकरा ते पहाटे पाच ह्या वेळात दोन्ही टर्मिनलपासून अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड आणि कुर्ला टर्मिनस ह्या दिशांना बेस्टच्या ठरावीक वेळेच्या बस. अर्ध्या तासाने असो की तासाने, पण वेळ पक्की हवी आणि ती थांब्यावर मराठी-हिंदीत लिहिलेली हवी. तीनची बस तीनला येणार हे माहीत असलं, की बाई थांबू शकते.

दोन : ह्या मार्गांवर रात्री मागेल तिथे बस थांबवून उतरायची मुभा. थांब्यापासून गल्लीपर्यंतचं अंतर हाच पुष्कळदा सगळ्यांत धोक्याचा तुकडा असतो.

तीन : सगळ्या टर्मिनसवर रात्रभर उघडी असणारी प्रीपेड खिडकी, तिच्यासमोर दिवा, आणि पावतीवर गाडीचा नंबर. जवळचं भाडंही त्याच खिडकीवर मिळालं पाहिजे.

चार : विमानतळावर काम करणाऱ्या प्रत्येक बाईला, ती कंत्राटदाराची असो की उपकंत्राटदाराची, घरापर्यंत वाहन, आणि त्याची जबाबदारी मूळ मालकावर.

पाच : बायकांसाठी स्वच्छ, विनामूल्य, रात्रभर उघडा विसावा आणि स्वच्छतागृह. गाडी येईपर्यंत बसावं लागलं तर माणसासारखं बसता आलं पाहिजे.

नवी मुंबईचा विमानतळही आता सुरू झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि डिसेंबरअखेरीस विमानं सुरू झाली. तिथेही रात्री काम करणाऱ्या बायका असणार, रात्री उतरणाऱ्या बायका असणार. ह्या मागण्या तिथेही न्यायला हव्यात, आणि वस्ती वाढण्याआधीच न्यायला हव्यात.

मागण्या मांडायच्या तर आपल्याकडे माहिती हवी. अधिकारी म्हणतात, रात्री प्रवासीच नसतात, बस रिकामी जाईल. बस नाही म्हणून बायका दिसत नाहीत, आणि बायका दिसत नाहीत म्हणून बस नाही, हे चक्र आपल्यालाच तोडावं लागेल. म्हणून माझी सूचना अशी, की प्रत्येक गटाने महिन्यातून एक रात्र निवडावी. चौघी-पाचजणींनी मिळून अंधेरी स्टेशन, सहारचा रस्ता, मरोळ नाका, घाटकोपर स्टेशन आणि कुर्ला टर्मिनस इथे एक ते चार ह्या वेळात उभं राहावं. किती बायका वाहनाची वाट बघत होत्या, किती वेळ, कुठे जायचं होतं, किती रिक्षा-टॅक्सींनी नकार दिला, किती पैसे मागितले, दिवे किती चालू होते, स्वच्छतागृह उघडं होतं का, हे वहीत लिहावं. नाकारणाऱ्या गाडीचा नंबर आणि वेळ टिपून आरटीओकडे लेखी तक्रार करावी. काही धोका वाटला तर ११२ किंवा मुंबई पोलिसांचा महिलांसाठीचा १०३ हा नंबर लावावा, आणि फोन उचलायला किती वेळ लागला तेही लिहावं. आपण तिथे उभ्या राहिलो की त्या रात्री तिथे बायकांचा वावर वाढेल, हा आणखी एक फायदा.

हे जमेल का, असं वाटत असेल तर ह्याच उपनगरांचा इतिहास आठवा. गोरेगावच्या मृणाल गोरे ‘पाणीवाली बाई’ म्हणून ओळखल्या गेल्या त्या नळाच्या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढल्या म्हणून. १९७२ मध्ये त्यांनी, अहिल्या रांगणेकरांनी आणि इतर अनेकींनी महागाई प्रतिकार समिती उभी केली, आणि ज्या बायका कधी उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या त्या लाटणी घेऊन मोर्चात आल्या. पाणी हा तोवर घराघरातल्या बाईने आपापला सोसायचा त्रास होता. एकत्र आल्यावर तो महापालिकेचा प्रश्न झाला. रात्रीच्या वाहनाचंही तसंच आहे. आज प्रत्येकजण आपापली सोय बघते. कुणाचा भाऊ येतो, कुणी पहाटेपर्यंत बसून राहते, कुणी काम सोडते.

चहानंतर वह्या आणि नमुन्याचे तक्ते वाटले जातील. प्रत्येक गटाने आपली जागा आणि आपली रात्र आजच ठरवून जावी. एकटीने जायचं नाही, हा आग्रह मी ह्या कामापुरता धरते. तीन महिन्यांच्या नोंदी झाल्या की त्या एकत्र करून बेस्ट, महापालिका, परिवहन विभाग आणि विमानतळ चालवणारी कंपनी ह्यांच्यापुढे आपण निवेदन घेऊन जाऊ. त्या दिवशी विमानतळावर झाडू मारणाऱ्या बायका आपल्यासोबत पुढच्या रांगेत असाव्यात, म्हणून त्यांच्याशी बोलायला आजपासूनच सुरुवात करू.